एसएसडीवर डिफ्रॅग: टक्के सोडा, तुकडा केवढा आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या चार संगणकांतल्या हार्डडिस्क काढून ५०० जीबीच्या साटा एसएसडी बसवल्या आणि जुनं विंडोज जसंच्या तसं क्लोन केलं. एका फुकटच्या टूलनं सी ड्राइव्ह ३४ टक्के फ्रॅगमेंटेड, म्हणजे फायली तुकड्यांत विखुरलेला, दाखवला. डिफ्रॅग करावं का, म्हणजे ते तुकडे सलग लावून घ्यावेत का? क्लस्टर साइज (फाइलला जागा देण्याचं सर्वांत लहान माप) वाढवावा का? 'एसएसडीसाठी २० सेटिंग्ज' छापाच्या याद्यांतलं खरं किती? शिवाय घरच्या लिनक्स मशीनवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम (डिस्कवर फायली मांडणारी व्यवस्था) आहे आणि त्यावरचं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) सहा महिन्यांत रखडायला लागलं आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ऑफिसच्या चारही मशीनवर हातानं डिफ्रॅग चालवू नका, पण विंडोजचं स्वतःचं शेड्यूलही बंद करू नका. क्लस्टर ४ केबीच राहू द्या. घरच्या व्हर्च्युअल मशीनला मात्र फ्रॅगमेंटेशनचाच त्रास असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो डिफ्रॅगनं कायमचा जाणार नाही.

हार्डडिस्कवर फाइलचा प्रत्येक तुकडा महाग का पडायचा, हे आकड्यांत बघा. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. डोकं सरकायला वर आणखी ८-९. एका तुकड्यामागे साधारण १२ मिलिसेकंद धरले तर हजार तुकड्यांची फाइल वाचताना १२ सेकंद नुसत्या धावपळीत जातात. एसएसडीत तोच खर्च तुकड्यामागे ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि कंट्रोलर अनेक मागण्या एकाच वेळी हाताळतो. हजार तुकडे एकामागून एक वाचले तरी सेकंदाचा दहावा भाग. तुम्हाला तो जाणवणार नाही.

शिवाय टूल जो नकाशा रंगवून दाखवतं तो एसएसडीच्या आतला नसतोच. विंडोजला किंवा लिनक्सला दिसतात ते तार्किक पत्ते. प्रत्यक्षात कुठला डेटा कुठल्या चिपवर, कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे कंट्रोलरमधला भाषांतराचा थर ठरवतो, आणि तो ते सतत बदलत असतो. नँड फ्लॅशमध्ये, म्हणजे एसएसडीच्या मेमरी चिपांत, लिहिणं पानापानानं होतं, पुसणं मात्र कित्येक एमबीच्या ब्लॉकनं. त्यामुळे कंट्रोलर जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. नवीन पान घेतो, जुनं रद्द ठरवतो आणि सवडीनं झाडझूड करतो. वर तो डेटा मुद्दामच अनेक चिपांवर पसरवतो, कारण सगळ्या चिपा एकदम कामाला लागल्या तरच ५५० एमबी/सेकंद वेग मिळतो. डिफ्रॅग केल्यावर निळे-लाल चौकोन रांगेत येतात ते फक्त पत्त्यांचे.

मग एसएसडीवर फ्रॅगमेंटेशन ही निव्वळ अफवा आहे का? नाही. इथेच बहुतेक सल्ले अर्धवट थांबतात.

खर्च जागेचा नसतो, मागण्यांच्या संख्येचा असतो. तांदळाचं एक पोतं एकदा उचलून ठेवणं आणि तेवढाच तांदूळ पाव-पाव किलोच्या पुड्यांत बांधून एकेक पुडी उचलणं यात वजन सारखंच, मेहनत मात्र सारखी नाही. साटा एसएसडीवर सलग वाचन ५५० एमबी/सेकंदाला होतं. तेच ४ केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांत, एका वेळी एकच मागणी टाकून वाचलं तर ३०-४० एमबी/सेकंदावर येतं. म्हणजे चांगल्या एसएसडीलाही गुडघ्यावर आणता येतं, पण त्यासाठी तुकडे तेवढे बारीक असावे लागतात. उलट, तुकडे १ एमबीहून मोठे असतील तर काळजीचं कारण नाही. लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) सलग पडलेल्या फाइलच्या मागण्याही साधारण १ एमबीच्या आसपास तोडूनच ड्राइव्हकडे पाठवतो आणि बऱ्याच एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हची मर्यादा त्याहूनही लहान असते. जे तुकडे तसेही पडणारच आहेत ते फाइल सिस्टमनं आधी पाडले, एवढाच फरक.

म्हणून ३४ टक्के हा आकडा काही सांगत नाही. त्या टूलनं तो मोजला कसा, कुणास ठाऊक. विंडोजचं स्वतःचं डिफ्रॅग ६४ एमबीहून मोठे तुकडे हिशेबातच धरत नाही, तसं आपल्या अहवालात ते लिहूनही देतं. बाहेरची टूल्स अनेकदा दोन तुकड्यांच्या १० जीबी फाइलला आणि दोन लाख तुकड्यांच्या १० जीबी फाइलला एकाच रंगात रंगवतात. मला कुणी असा आकडा दाखवला की मी विचारतो, कुठली फाइल हळू उघडते आणि ती किती तुकड्यांत आहे? फाइलचा आकार भागिले तुकडे. उत्तर एमबीत आलं तर सोडून द्या. काही केबीत आलं तर पुढे बोलू.

एक बारकावा अलीकडचा आहे. दक्षिण कोरियातल्या सुंगक्युंक्वान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ च्या फास्ट या स्टोरेजविषयीच्या परिषदेत दाखवलं की आधुनिक एसएसडीवर फ्रॅगमेंटेड फाइल हळू वाचली जाते त्याचं मोठं कारण कर्नलमधली तोडफोड हे नसून चिपांमधली टक्कर हे आहे. कंट्रोलर येणाऱ्या लेखनाच्या क्रमानं पानं एकेका डायवर (मेमरी चिपच्या स्वतंत्र भागावर) वाटत जातो. एखादी फाइल थोडीथोडी वाढत असेल आणि मधेमधे दुसऱ्या फायलींचं लेखन घुसत असेल, तर तिची बरीच पानं योगायोगानं त्याच त्या डायवर जाऊन बसतात. वाचताना त्या डायसमोर रांग लागते आणि बाकीच्या रिकाम्या बसतात. म्हणजे त्रास पत्ते विखुरल्याचा कमी आणि फाइल कशी लिहिली गेली याचा जास्त. अशी फाइल एकदा सलग कॉपी करून घेतली की वाटप पुन्हा नीट होतं. सगळा ड्राइव्ह ढवळायची गरज नाही.

आता विंडोज.

२०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या स्कॉट हॅन्सेलमन यांनी विंडोजच्या स्टोरेज टीमला विचारून लिहिलं होतं, आणि ते अनेकांना अजूनही पटत नाही: सिस्टम रिस्टोअर चालू असेल तर विंडोज एसएसडीलाही महिन्यातून एकदा खरोखर डिफ्रॅग करतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. कारण व्हॉल्यूम स्नॅपशॉट, म्हणजे ड्राइव्हची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. फायली फार तुकड्यांत असल्या की स्नॅपशॉटचं कॉपी-ऑन-राइट (बदलण्याआधी जुना डेटा जपून ठेवणं) संथ होतं. दुसरं कारण एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टमच्या रचनेत आहे. प्रत्येक फाइलचा मास्टर फाइल टेबलमधला रेकॉर्ड साधारण १ केबीचा असतो आणि तुकड्यांची यादी त्यात मावेनाशी झाली की जादा रेकॉर्ड जोडावे लागतात. त्यालाही मर्यादा आहे. ती गाठली की डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असूनही फाइल वाढायला नकार देते आणि ६६५ क्रमांकाची, 'फाइल सिस्टम लिमिटेशन'ची एरर येते. एसक्यूएल सर्व्हरच्या मोठ्या डेटाबेस फायली किंवा एनटीएफएस कम्प्रेशन लावलेल्या अवाढव्य फायली सांभाळणाऱ्यांना ही ओळखीची आहे. त्यावर मायक्रोसॉफ्टचाच उपाय म्हणजे व्हॉल्यूम फॉरमॅट करताना मोठ्या रेकॉर्डचा पर्याय निवडणं, फॉरमॅटच्या कमांडला स्लॅश-एल लावून. तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फायली तिथवर पोहोचणार नाहीत, पण एसक्यूएल सर्व्हर बसवणार असाल तर लक्षात ठेवा.

तर शेड्यूल चालू ठेवा. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा आणि मीडिया टाइपच्या रकान्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलं आहे ना, एवढं चारही मशीनवर बघा. क्लोन केलेल्या विंडोजमध्ये कधीकधी तिथे जुनी हार्डडिस्कच दिसत राहते. तसं असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर विनसॅट फॉर्मल चालवलं की बहुतेक वेळा ओळख दुरुस्त होते. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये एक बग होता: शेवटचं ऑप्टिमायझेशन कधी झालं हे विंडोज विसरायचं आणि एसएसडीला गरजेपेक्षा फार जास्त वेळा डिफ्रॅग करायचं. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुरुस्त झाला. तरीही 'शेड्यूल बंद करा' हा तेव्हाचा सल्ला आजही फिरतो आहे.

क्लोन केल्यामुळे आणखी एक काम उरतं. सेक्टर-टू-सेक्टर क्लोन केलं असेल तर जुन्या डिस्कवरची रिकामी जागाही नव्या ड्राइव्हवर लिहिली गेली, म्हणजे एसएसडीच्या दृष्टीनं ती काठोकाठ भरली. त्याच खिडकीतलं ऑप्टिमाइझ बटण एकदा दाबा. एसएसडी ओळखली गेली असेल तर ते मुख्यतः ट्रिम पाठवतं: फाइल सिस्टमनं सोडलेले पत्ते कंट्रोलरला कळवतं, म्हणजे तो तिथला मेलेला डेटा इकडून तिकडे वाहत बसत नाही. डिफ्रॅगपेक्षा शंभर पटीनं महत्त्वाची गोष्ट ही. विंडोज ट्रिम पाठवतं का हे तपासायला एफएसयूटिल कमांडमध्ये डिसेबल-डिलीट-नोटिफाय बघतात. तिथे ० आलं म्हणजे चालू. नाव उलटं असल्यामुळे १ बघून खूश होणारे खूप. विभाजनाची (पार्टिशनची) सुरुवातही बघून घ्या. एक्सपीच्या काळात विभाजन ६३ व्या सेक्टरला सुरू व्हायचं, त्यामुळे ४ केबीचं प्रत्येक लेखन दोन पानांवर पाय ठेवायचं. व्हिस्टापासून सुरुवात १ एमबीवर असते. एवढी जुनी विभाजनं आता क्वचितच, पण क्लोनवर क्लोन होत आलेल्या ऑफिसच्या मशीनमध्ये ती अजून सापडतात.

क्लस्टर वाढवायचा मोह आवरा. ६४ केबीच्या क्लस्टरमुळे तुकडे कमी होतात हे खरं, पण लहान फायली जागा खातात आणि एनटीएफएस कम्प्रेशन ४ केबीच्या वर चालतच नाही. वेगळ्या डेटाबेस व्हॉल्यूमला ६४ केबी योग्य, सी ड्राइव्हला नाही.

याद्यांतल्या बाकीच्या गोष्टी पटापट. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी फाइल) हार्डडिस्कवर हलवा: नको. विंडोज ७ बनवणाऱ्यांनीच २००९ मध्ये सांगितलं होतं की पेजफाइलमध्ये लेखनाच्या साधारण ४० पट वाचन होतं, आणि तेही लहान, विखुरलेलं, म्हणजे नेमकं एसएसडीच्या आवडीचं. प्रीफेच (लागणाऱ्या फायली आधीच वाचून ठेवणं) बंद करा: नको. इंडेक्सिंग बंद करा: शोध वापरत नसाल तर करा, एसएसडीच्या काळजीपोटी नको. ड्राइव्हच्या राइट-कॅशचं फ्लशिंग बंद करा: वीज जाणाऱ्या गावात तर बिलकूल नको.

झिजेची भीती दोन्ही बाजूंनी फुगवलेली आहे. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला बऱ्याचदा ३०० टीबी लेखनाची हमी असते. समजा महिन्याला एक डिफ्रॅग झालं आणि त्यात ७० जीबी हलले. वर्षाला ८४० जीबी, म्हणजे हमीच्या ०.३ टक्के. आतलं लेखन-वर्धन (कंट्रोलरनं स्वतः केलेलं जादा लेखन) धरून तिप्पट करा, तरी ड्राइव्ह मरणार नाही. डिफ्रॅग नको म्हणतो ते फायदा जवळपास शून्य आहे म्हणून.

'पण आमच्याकडे डिफ्रॅग केल्यावर मशीन खरंच पळायला लागलं' असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ ड्राइव्हवर महिनोन्‌महिने न हललेला डेटा फार संथ वाचला जाऊ लागला. पेशींमधला विद्युतभार सरकला होता आणि कंट्रोलरला वाचताना पुनःपुन्हा प्रयत्न करावे लागत होते. कंपनीनं आधी जुना डेटा पुन्हा लिहून काढणारं टूल आणि नंतर नवं फर्मवेअर दिलं. डिफ्रॅगही तेच करतं: डेटा उचलून ताज्या पानांवर लिहितं. वेग आला तो पुनर्लेखनामुळे आणि श्रेय गेलं रांगेत लागलेल्या चौकोनांना.

आता घरचं मशीन. इथे मात्र टूल न वापरता सांगता येईल की काय झालं आहे. बीटीआरएफएस कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे फाइलमधला ४ केबीचा भाग बदलला तरी तो जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिला जातो. कागदपत्रं, फोटो यांना काहीच फरक पडत नाही, कारण त्या फायली एकदाच अख्ख्या लिहिल्या जातात. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइलमध्ये मात्र पाहुणी सिस्टम दिवसभर हजारो ठिकाणी लहान लहान लेखन करते. सहा महिन्यांत ४० जीबीची फाइल लाखो तुकड्यांत जाणं अगदी शक्य आहे. फाइलफ्रॅग ही कमांड तिच्यावर चालवून एक्सटेंटची (सलग तुकड्यांची) संख्या बघा. फक्त कम्प्रेशन चालू असेल तर त्या संख्येवर विश्वास ठेवू नका, कारण कम्प्रेस केलेला एक्सटेंट १२८ केबीच्या पुढे जातच नाही आणि आकडा विनाकारण भीतिदायक दिसतो. एक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टमवरही तसंच: तिथे एक एक्सटेंट जास्तीत जास्त १२८ एमबीचा, म्हणून अगदी सलग पडलेली १ जीबीची फाइलसुद्धा किमान ८ एक्सटेंटमध्ये नोंदलेली असते.

बीटीआरएफएसचं डिफ्रॅग चालवलं तर काही दिवस बरं वाटेल आणि मग पुन्हा तेच. त्याहून वाईट म्हणजे स्नॅपशॉट असतील तर डिफ्रॅग केलेली फाइल स्नॅपशॉटशी असलेली भागीदारी तोडते आणि तेवढी जागा नव्यानं खाते. ४० जीबीच्या फाइलचे ८० झाले की लोक माझ्याकडे येतात. ऑटोडिफ्रॅगचा माउंट पर्याय ब्राउझरच्या लहान डेटाबेससाठी ठीक आहे, मोठ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) फाइलसाठी नाही.

टिकणारा उपाय असा. व्हीएमसाठी नवं रिकामं फोल्डर करा आणि त्यावर सीएचॲटर कमांडनं मोठ्या सी चा, म्हणजे नो-कॉपी-ऑन-राइटचा गुणधर्म लावा. मग व्हीएम बंद करून फाइल त्यात कॉपी करा. कॉपीच करा, हलवू नका. त्याच फाइल सिस्टममध्ये हलवलं की फक्त नाव बदलतं आणि हा गुणधर्म डेटा असलेल्या फाइलला लागू होत नाही. बदल्यात त्या फाइलचे चेकसम आणि कम्प्रेशन गमावता, म्हणजे बिघाड ओळखायचं काम पाहुण्या सिस्टमच्या फाइल सिस्टमवर येतं. ते मान्य नसेल तर व्हीएमसाठी वेगळं एक्सटी४ किंवा एक्सएफएस विभाजन करा. मी स्वतः तेच करतो. क्यूकॉव२ (स्वतःच कॉपी-ऑन-राइट करणाऱ्या प्रकारची) डिस्क फाइल वापरत असाल तर ती रॉ या साध्या प्रकारात बदलून घ्या आणि जागा आधीच राखून ठेवा. एका कॉपी-ऑन-राइटवर दुसरं रचण्यात शहाणपण नाही. आणि त्या फोल्डरचे तासातासाला स्नॅपशॉट घेणं बंद करा, कारण प्रत्येक स्नॅपशॉटनंतर बदललेला भाग पुन्हा एकदा नव्या जागी लिहावाच लागतो.

लिनक्सवर ट्रिमसाठी आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिमचा टायमर पुरेसा आहे. उबुंटूत १४.०४ पासून आणि फेडोरात ३२ पासून साप्ताहिक ट्रिम आपोआप होतो. एक्सटी४ वर माउंट करताना डिस्कार्ड (डिलीट होताच ट्रिम पाठवण्याचा पर्याय) लावण्याची गरज नाही. जुन्या साटा ड्राइव्हवर तो प्रत्येक डिलीटला अडखळतो. बीटीआरएफएसमध्ये ५.६ कर्नलपासून असिंक्रोनस डिस्कार्ड आलं आणि ६.२ पासून तेच आपोआप लागतं, त्यामुळे तिथे तुम्हाला काहीच करायचं नाही. मात्र लक्स हे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन असेल तर ट्रिम मुळात खाली पोहोचतच नाही, तो पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. दिला तर डिस्कवर रिकामी जागा कुठे आहे हे बाहेरच्याला दिसू शकतं. घरच्या मशीनला मी तो देतो. यूएसबीच्या डब्यातल्या एसएसडी आणि बरेच रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारे) कार्ड यांच्याबाबतही ट्रिम गृहीत धरू नका. एलएसबीएलके कमांडला डिस्कार्डची माहिती विचारा. शून्यं आली तर तो पोहोचत नाही.

नोॲटाइम (फाइल कधी वाचली याची नोंद न ठेवण्याचा माउंट पर्याय) लावा किंवा लावू नका. २००९ पासून रिलॅटाइम आपोआप असतो आणि फाइल बदललेली नसेल तर तो वाचनाची नोंद फार तर दिवसातून एकदा करतो, त्यामुळे फरक नगण्य. जर्नल (फाइल सिस्टमची बदलांची नोंदवही) बंद करू नका. एक्सटी४ चा कमिटचा (साठलेले बदल डिस्कवर उतरवण्याचा) ५ सेकंदांचा अवधी १० मिनिटांवर नेऊन 'एसएसडी वाचवणारे' वीज गेल्यावर काय हरवलं ते शोधत बसतात.

दोन्हीकडे खरी काळजी घ्यायची ती मोकळ्या जागेची. फ्रॅगमेंटेशन जन्मतं ते तिथेच. ड्राइव्ह ९५ टक्के भरला की फाइल सिस्टमकडे उरतात ती लहान लहान भोकं, आणि प्रत्येक नवी फाइल त्यांत कोंबली जाते. त्याच वेळी कंट्रोलरकडेही झाडझूड करायला ब्लॉक उरत नाहीत आणि एसएलसी कॅश (लेखन झटपट झेलणारी वेगवान जागा) आक्रसते. स्वस्त क्यूएलसी (पेशीत चार बिट साठवणारे) ड्राइव्ह कॅश संपल्यावर १०० एमबी/सेकंदाच्या आसपास घसरतात, म्हणजे काढून टाकलेल्या हार्डडिस्कपेक्षाही खाली. १५ टक्के तरी मोकळे ठेवा. घरच्या मशीनवर जागा कमी असेल तर आधी जुने स्नॅपशॉट काढा, मग व्हीएमची कॉपी करा.

आणि ती जुनी व्हीएम फाइल लगेच पुसू नका. नवी कॉपी चालू करून, दोन-चार दिवस वापरून, बाहेरच्या डिस्कवर एक बॅकअप घेऊन मगच पुसा. हार्डडिस्कवर चुकून पुसलेली फाइल रिकव्हरीवाल्याकडे नेऊन परत मिळायची शक्यता असायची. एसएसडीवर ट्रिम एकदा जाऊन आला की त्या पत्त्यावर बहुतेक ड्राइव्ह फक्त शून्यं वाचून दाखवतात आणि दुकानदार कितीही पैसे मागो, त्याच्या हाती काही लागत नाही.